मोकळे पाणी आणि मालकाची जबाबदारी : ब्रिटनमधील एका शतकाचा न्यायप्रवास

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील शहरे कारखान्यांच्या भोवती वाढत गेली, तेव्हा तेथील कामकरी माणसाला स्वच्छ पाण्यात उतरायला जागा उरली नाही. नदीकाठ गोद्या आणि गिरण्यांनी व्यापले होते आणि जे पाणी मोकळे राहिले ते सांडपाण्याने नासले होते. १८४६ साली संसदेने सार्वजनिक स्नानगृहे आणि धुलाईघरे बांधण्याचे अधिकार स्थानिक संस्थांना दिले, त्यामागे पोहण्याच्या आनंदापेक्षा रोगराईची धास्ती अधिक होती. परंतु त्या कायद्यामुळे आणि त्याच सुमारास शहरोशहरी उभ्या राहिलेल्या सार्वजनिक उद्यानांमुळे नगरपालिका पाण्याच्या मालक झाल्या. तलाव, कुंड, उद्यानातून वाहणारी नदी हे सारे आता लोकांचे झाले होते, आणि लोकांच्या वतीने ते सांभाळणारी एक संस्थाही होती. त्या पाण्यात कोणी बुडाले तर त्याची भरपाई कोणी करायची, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच अर्थपूर्ण ठरला.

योगायोग असा की, याच १८४६ साली संसदेने प्राणघातक अपघातांचा कायदाही संमत केला. त्यापूर्वी इंग्लिश न्यायालयांनी असे धरले होते की माणूस जखमी झाला तर त्याला नुकसानभरपाई मागता येते, मात्र तो मेला तर त्याच्या बायकामुलांना दिवाणी दावा लावता येत नाही. नव्या कायद्याने हा अन्याय दूर केला आणि मृताच्या आश्रितांना दाव्याचा हक्क दिला. हाच कायदा थोड्या फेरफाराने १८५५ साली हिंदुस्थानातही लागू झाला. हक्क मिळाला तरी वाट मोकळी झाली, असे मात्र नव्हते. १५ जानेवारी १८६७ रोजी लंडनच्या रीजंट्स पार्कमधील गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग करणाऱ्यांच्या पायांखालचा बर्फ फुटला, सुमारे २०० माणसे पाण्यात पडली आणि ४० जण दगावले. ते उद्यान राजसत्तेच्या मालकीचे होते आणि राजसत्तेविरुद्ध अपकृत्याचा, म्हणजे करार मोडल्याखेरीज दुसऱ्याला पोहोचवलेल्या दिवाणी हानीचा, दावा लावण्याची सोय १९४७ पर्यंत नव्हती. त्यामुळे त्या दुर्घटनेचे उत्तर कोर्टात नव्हे, तर तळ्याच्या तळाशी दिले गेले : पाणी उपसून सुमारे १२ फुटांचा तलाव अवघा ४ फुटांच्या आसपास खोल ठेवण्यात आला. एखाद्या जागेचा धोका कायमचा कमी करण्याचा याहून सरळ उपाय क्वचितच योजला गेला असेल, पण तो मानवनिर्मित तळ्यात शक्य होता. नदीच्या आणि समुद्राच्या बाबतीत तसे करणे कोणालाच शक्य नव्हते.

मालकाच्या जबाबदारीची सीमा प्रथम नीट आखली गेली ती स्कॉटलंडमध्ये, आणि ती दोन लहान मुलांच्या मृत्यूंवरून. १९०७ साली एडिंबरोच्या एका सार्वजनिक उद्यानातील कृत्रिम तळ्यात बुडालेल्या मुलाच्या पालकांनी नगरपालिकेवर दावा लावला. पाठोपाठ १९०८ साली ग्लासगोच्या वनस्पतिउद्यानाला लागून वाहणाऱ्या केल्व्हिन नदीत बुडालेल्या मुलाचा दावा आला. दोन्ही दावे फेटाळले गेले. न्यायाधीशांची भूमिका थोडक्यात अशी होती की शहरात काय किंवा खेड्यात काय, पाणी, कडे, उतार ही निसर्गाची आणि परिसराची उघड लक्षणे आहेत. ती सगळ्यांना दिसतात, त्यांच्यापासून लहान मुलांना जपणे हे आईबापांचे काम आहे, आणि प्रत्येक तळ्याला कुंपण घालण्याची सक्ती केली तर सार्वजनिक उद्यान ही गोष्टच उरणार नाही. हे म्हणणे आज कठोर वाटते, आणि काही अंशी ते कठोर होतेच, कारण गिरणीत राबणाऱ्या आईला दिवसभर मुलामागे फिरणे शक्य नसते याची दखल त्यात कोठेही नव्हती. तरीही त्यात जी कसोटी होती ती पुढे शंभर वर्षे टिकली : धोका उघड आहे की दडलेला?

या कसोटीचे दुसरे अंग काही वर्षांनी त्याच ग्लासगोतील वनस्पतिउद्यानाने दाखवून दिले. तेथे एका झुडपाला लागलेली टपोरी, काळसर, चेरीसारखी दिसणारी फळे खाऊन सात वर्षांचा मुलगा मरण पावला. झुडूप विषारी बेलाडोनाचे होते, आणि उद्यानाला हे ठाऊक असूनही तेथे ना कुंपण होते ना मुलांना कळेल अशी सूचना. त्या वेळी देशाचे सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने हा दावा चालण्याजोगा ठरवला. नदी आपला धोका लपवत नाही. ते फळ मात्र मुलाला बोलावून घेत होते आणि त्यातले विष त्याला दिसत नव्हते. पाण्याच्या पुढच्या सगळ्या खटल्यांत दावेदारांच्या वकिलांची धडपड हीच राहिली की अपघात झालेले तळे त्या फळासारखे होते, हे न्यायालयाला पटवून द्यावे.

यानंतरच्या काळात कायदा काहीसा गुंतागुंतीचा झाला. जागेत आलेला माणूस निमंत्रित आहे, परवानगीने आलेला आहे की आगंतुक घुसखोर आहे, यावर मालकाचे कर्तव्य ठरत असे, आणि १९२९ साली कोळशाच्या खाणीच्या यंत्रात सापडून मेलेल्या मुलाच्या खटल्यात न्यायालयाने घुसखोराला जवळजवळ काहीच संरक्षण नाही, असे सांगितले. १९५७ च्या भोगवटादार दायित्व कायद्याने कायदेशीर पाहुण्यांमधले जुने भेद मोडले. भोगवटादार म्हणजे जागेवर प्रत्यक्ष ताबा आणि नियंत्रण असलेली व्यक्ती किंवा संस्था, आणि तिने पाहुण्याची वाजवी काळजी घ्यावी, मुले मोठ्यांइतकी सावध नसतात हे गृहीत धरावे, असे त्याने ठरवले. घुसखोर त्यातून वगळलेलेच राहिले. १९७२ साली मोडक्या कुंपणातून रेल्वेमार्गावर गेलेल्या सहा वर्षांच्या मुलाला विजेच्या रुळाने भाजल्याच्या प्रकरणात न्यायाधीशांनी सामान्य माणुसकीचे किमान कर्तव्य मान्य केले, आणि विधी आयोगाच्या शिफारशीनंतर १९८४ साली संसदेने त्याला कायद्याचे रूप दिले. नव्या कायद्यानुसार घुसखोरालाही संरक्षण मिळू शकत होते, पण धोका जागेच्या अवस्थेमुळे निर्माण झालेला असला पाहिजे, मालकाला तो ठाऊक असला पाहिजे, आणि त्याच्यापासून संरक्षण देण्याची अपेक्षा त्याच्याकडून करणे वाजवी असले पाहिजे, अशा अटी होत्या. पोहण्यास बंदी असलेल्या तळ्यात उतरणारा माणूस उतरताक्षणी घुसखोर ठरतो, त्यामुळे पाण्याच्या खटल्यांत हाच कायदा निर्णायक झाला.

नव्वदच्या दशकात वातावरणच बदलले. १९९५ पासून वकिलांना 'खटला हरलो तर फी नाही' या तत्त्वावर काम करण्याची मुभा मिळाली, २००० साली इजेच्या बहुतेक दाव्यांसाठी मिळणारे सरकारी कायदेसाहाय्य बंद झाले आणि भरपाईच्या दाव्यांची जाहिरात उघडपणे होऊ लागली. दावे खरोखर किती वाढले याविषयी मतभेद होते. २००४ साली सरकारच्याच एका कार्यदलाने भरपाईची संस्कृती ही बव्हंशी दंतकथा असल्याचे म्हटले, मात्र त्या दंतकथेवरचा विश्वास खरा असून त्याचे परिणामही खरे आहेत, हेही नोंदवले. नगरपालिकांचे अधिकारी, त्यांच्या विमा कंपन्या आणि सुरक्षेचे सल्लागार प्रत्येक जलाशयाकडे संभाव्य दाव्याच्या नजरेने पाहू लागले होते.

अशा जलाशयांपैकीच एक चेशर परगण्यातील काँगलटन गावाजवळचे होते. ब्रेरटन हीथ येथील वाळूची खाण बंद पडल्यावर १९८० च्या सुमारास बरो कौन्सिलने, म्हणजे तेथील स्थानिक परिषदेने, ती जागा घेतली आणि तिचे ग्रामीण उद्यान केले. खाणीच्या खड्ड्यात साचलेले सुमारे १४ एकरांचे तळे, काठाला खाणीने मागे ठेवलेली पिवळी मऊ वाळू आणि आजूबाजूला झाडी, असा तो परिसर होता. वर्षाला दीड लाखाहून अधिक माणसे तेथे येत. एका भागात मासेमारीला आणि दुसऱ्या भागात शिडाच्या फळ्यांना व होड्यांना परवानगी होती, पोहण्याला नव्हती. 'धोकादायक पाणी, पोहू नये' अशा पाट्या काठावर लावलेल्या होत्या, उद्यानरक्षक पत्रके वाटत आणि पाण्यात उतरलेल्यांना बाहेर बोलावत, पण उकाड्याच्या दिवसांत लोक त्यांना जुमानत नसत, उलट काही वेळा शिव्याच त्यांच्या वाट्याला येत. तळ्याचा तळ विशेष विश्वासघातकी नव्हता, त्यात लपलेले खडक किंवा गाळात रुतलेले लोखंड नव्हते. तो कोणत्याही तळ्याइतकाच धोकादायक होता.

हीच गोष्ट परिषदेच्या अधिकाऱ्यांना खुपत होती. पाट्यांचा उपयोग होत नाही, हे त्यांनी वारंवार वरिष्ठांना कळवले होते आणि अखेरचा उपाय सुचवला होता : वाळूवर माती पसरून तेथे वेत आणि झुडपे लावावीत, म्हणजे काठ दलदलीचा होईल आणि कोणाला तेथे बसावेसेच वाटणार नाही. पैशाच्या अडचणीने ही योजना रखडली. ६ मे १९९५ हा शनिवार वर्षाच्या त्या काळाच्या मानाने बराच गरम होता. १८ वर्षांचा एक तरुण मित्रांबरोबर तळ्यावर आला, गुडघ्यांच्या थोडे वर येईल इतक्या पाण्यात उभा राहिला, आणि तेथूनच पुढे सूर मारला. त्याचे डोके वाळूच्या तळावर आदळले, मानेचा पाचवा मणका मोडला आणि त्याचे हातपाय कायमचे लुळे पडले. अशी उडी त्याने त्याआधी तेथे कितीतरी वेळा मारली होती. वेत लावण्याचे काम या अपघातानंतर प्रत्यक्षात आले.

तो तरुण बुडाला नाही, पण त्याचा खटला बुडण्याच्या सर्व खटल्यांचा खटला ठरला, कारण परिषदेने ज्या धोक्यासाठी पाट्या लावल्या होत्या त्यात बुडणे आणि उथळ पाण्यात सूर मारणे हे दोन्ही होते, आणि दोहोंना एकच कायदा लागू होता. पहिल्या न्यायाधीशांनी दावा फेटाळला. धोका कोणत्याही प्रौढाला कळण्याजोगा होता, असे त्यांनी म्हटले. दरम्यान दुसऱ्या एका प्रकरणात अपील न्यायालयाने याच दिशेने निकाल दिला होता. डर्बीशरमधील हार्डविक हॉल या ऐतिहासिक वास्तूच्या आवारातील तळ्यात १९९७ च्या उन्हाळ्यात एक गृहस्थ पोहताना बुडाले. त्यांच्या पत्नीने आवाराची मालक असलेल्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेवर दावा लावून खालच्या न्यायालयात तो जिंकला. दाव्यातला एक धागा असा होता की तळ्यातील पाण्यातून होऊ शकणाऱ्या एका जीवाणुजन्य तापाविषयी संस्थेने इशारा द्यायला हवा होता, आणि तो दिला असता तर ते पाण्यात उतरलेच नसते. २००१ साली अपील न्यायालयाने हे अमान्य केले : आजाराविषयी इशारा देण्याचे कर्तव्य वेगळे आणि बुडण्याविषयीचे वेगळे, आणि खोल तळ्यात माणूस बुडू शकतो हे प्रौढ माणसाला सांगावे लागत नाही.

तरीही ब्रेरटन हीथचा खटला त्याच अपील न्यायालयात २००२ साली पोहोचला, तेव्हा बहुमताने उलट निकाल लागला. धोका परिषदेला ठाऊक होता, पाट्या निरुपयोगी ठरल्याचेही तिला ठाऊक होते, उपाय तिच्याच अधिकाऱ्यांनी सुचवला होता आणि तो अगदी थोड्या खर्चाचा होता. मग तो न करणे ही हयगयच, असे बहुमतातल्या न्यायाधीशांचे म्हणणे होते. तरुणाचाही दोष त्यांनी धरला आणि भरपाई दोन तृतीयांशाने कमी केली. याला अंशदायी हयगय म्हणतात, म्हणजे हानीमध्ये स्वतः जखमी माणसाचा जितका वाटा असेल तितकी त्याची रक्कम कमी होते. या निकालातला खरा घातक भाग मात्र वेगळाच होता. ज्या परिषदेने कधी पाटीही लावली नसती, अहवालही लिहिला नसता, तिला हा निकाल लागू पडला नसता. काळजी वाहणाऱ्या अधिकाऱ्यांचे कागदच त्यांच्या विरुद्धचा पुरावा झाले. सावध माणसाने सावधपणाची नोंद करू नये, असा धडा सार्वजनिक संस्थांनी घेतला असता तर त्याचे परिणाम पुढच्या बुडणाऱ्यांनाच भोगावे लागले असते.

३१ जुलै २००३ रोजी हाऊस ऑफ लॉर्ड्सने एकमताने तो निकाल फिरवला. मुख्य निकालपत्र लॉर्ड हॉफमन यांचे होते. त्यांच्या मते धोका जागेच्या अवस्थेत नव्हताच, तो त्या तरुणाने केलेल्या कृतीत होता. तेव्हा १९८४ च्या कायद्याची पहिलीच अट पुरी होत नव्हती. देशात दरवर्षी सुमारे ४५० माणसे पोहताना बुडतात आणि २५ ते ३५ जणांची मान सूर मारताना मोडते, असे आकडे त्यांनी समोर ठेवले, आणि तरीही मालकाकडून काय अपेक्षा ठेवायची हे ठरवताना धोक्याची शक्यता, इजेची तीव्रता आणि उपायाचा खर्च यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट तोलली पाहिजे असे सांगितले : त्या उपायाने समाजाचे काय जाते? त्या काठावर उन्हात पडून राहणारी, वाळूचे किल्ले बांधणारी, पायापुरते पाण्यात उतरणारी हजारो कुटुंबे कोणालाही त्रास देत नव्हती; मोजक्या बेफिकिरांसाठी त्यांचा किनारा नष्ट करणे न्यायाचे होईल काय? लॉर्ड हॉबहाउस यांनी विचारले की काही मुले चढून पडतात म्हणून सगळी झाडे तोडायची का, आणि सगळ्या किनारपट्टीवर इशाऱ्यांच्या पाट्या ठोकायच्या का. लॉर्ड स्कॉट यांनी तर त्या तरुणाला घुसखोर म्हणण्यालाच हरकत घेतली; पाण्यात पाय बुडवायला त्याला मोकळीक होती, आणि तारुण्याच्या भरात त्याने त्याच पाण्यात उडी घेतली, एवढेच झाले होते.

या निकालाचे समर्थन करताना एक गोष्ट विसरून चालत नाही : आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताने जेवावे लागणारा एक तरुण त्या दिवशी रिकाम्या हाताने परतला. दोष कोणाचा हे ठरवल्याखेरीज भरपाई न देणाऱ्या व्यवस्थेचीच ही मर्यादा आहे, त्या पाच न्यायाधीशांची नव्हे. न्यूझीलंडने १९७४ पासून दोष न शोधता प्रत्येक अपघातग्रस्ताला सार्वजनिक निधीतून भरपाई देण्याची व्यवस्था स्वीकारली. तेथे अशा तरुणाच्या शुश्रूषेसाठी कोणाचे तळे बंद पाडावे लागत नाही. ब्रिटनने तो मार्ग घेतला नाही, आणि म्हणून एका जखमी माणसाच्या गरजा आणि सगळ्यांचे पाणी हे एकमेकांविरुद्ध उभे राहिले.

निकालाचा परिणाम लवकरच लंडनमध्ये दिसला. हॅम्पस्टेड हीथवरील तलावांपैकी पुरुषांचा तलाव १८९३ पासून पोहण्यासाठी खुला आहे, आणि कडाक्याच्या थंडीत पहाटे तेथे उतरणाऱ्यांची एक जुनी मंडळी आहे. रक्षक कामावर येण्याआधी, स्वतःच्या जबाबदारीवर, तेथील स्त्री-पुरुषांच्या मिश्र तलावात पोहू द्यावे, अशी विनंती या हिवाळी पोहणाऱ्यांच्या मंडळाने केली, तेव्हा हीथची व्यवस्था पाहणाऱ्या कॉर्पोरेशन ऑफ लंडनने ती नाकारली. भीती दाव्याची नव्हती, फौजदारीची होती : १९७४ च्या कामाच्या ठिकाणच्या आरोग्य व सुरक्षा कायद्याखाली आपल्यावर खटला होईल, असे तिला वाटत होते. एप्रिल २००५ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती स्टॅन्ली बर्नटन यांनी ही भीती कायद्याच्या चुकीच्या समजुतीवर उभी असल्याचे ठरवले. आपण काय करतो आहोत हे जाणणाऱ्या प्रौढाने स्वतःहून पत्करलेला धोका हा मालकाने घातलेला धोका होत नाही, हे तत्त्व त्यांनी दिवाणी कायद्यातून फौजदारी कायद्यात आणले. पुढच्याच वर्षी, जुलै २००६ मध्ये संमत झालेल्या भरपाई कायद्याच्या पहिल्या कलमात संसदेने न्यायालयांना सांगितले की काळजीचे मोजमाप ठरवताना त्या उपायाने समाजाला हवेसे असलेले काही बंद पडेल काय, हे विचारात घेता येईल. न्यायाधीशांनी आधीच मांडलेला विचार कायद्याच्या पुस्तकात उतरला, इतकेच त्याचे महत्त्व. पण घाबरलेल्या नगरपालिकांना छापील कलमाचा आधार हवा होता.

मात्र हे सगळे स्वेच्छेने पाण्यात उतरणाऱ्या प्रौढांपुरते खरे होते. ज्याला पाण्यात नेले जाते, त्याच्या बाबतीत कायदा निराळ्या वाटेने गेला, आणि ती वाट भारतातही दिसते. त्याच १९९५ च्या मे महिन्यात पठाणकोटजवळच्या एका शाळेची मुले शिक्षकांबरोबर बियास नदीकाठी सहलीला गेली असता १४ जण बुडाले. भारतात भोगवटादार दायित्वाचा वेगळा कायदा नाही, इंग्लिश न्यायतत्त्वांवर वाढलेला अपकृत्य कायदाच येथे चालतो. त्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली प्रत्येक मुलामागे ५ लाख रुपयांची भरपाई कायम केली. नदीचा धोका उघड होता, पण तेथे तो प्रश्नच नव्हता. शिक्षकांनी आईबापांच्या जागी राहून सांभाळायचे होते, आणि त्यांच्या हयगयीला शाळेचे व्यवस्थापन जबाबदार होते.

ब्रिटनमध्ये हाच मुद्दा एसेक्समधील बॅझिल्डन येथील जलतरण तलावावर उभा राहिला. जुलै २००० मध्ये शाळेच्या पोहण्याच्या तासाला गेलेली दहा वर्षांची मुलगी पाण्यात निश्चेष्ट सापडली. ती वाचली, पण तिच्या मेंदूला कायमची गंभीर इजा झाली. शिकवणारी व्यक्ती आणि जीवरक्षक शाळेचे नव्हते, ते बाहेरच्या कंत्राटदारामार्फत आलेले होते, म्हणून आपण जबाबदार नाही, असे शाळा चालवणाऱ्या एसेक्स परिषदेने सांगितले. तोवर हाऊस ऑफ लॉर्ड्सची न्यायिक जागा सर्वोच्च न्यायालयाने घेतली होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याने हे म्हणणे अमान्य केले : मूल शाळेच्या ताब्यात असते, त्याचे कोठे जायचे, कोणत्या पाण्यात उतरायचे यावर काहीच चालत नाही, आणि शिकवणे व सांभाळणे हे शाळेचे मूळ काम आहे, ते काम दुसऱ्याला देता येते, पण त्याची जबाबदारी देता येत नाही. कायद्याच्या परिभाषेत याला अहस्तांतरणीय कर्तव्य म्हणतात. खटला पुन्हा खालच्या न्यायालयात गेला आणि २०१५ साली, अपघातानंतर जवळजवळ पंधरा वर्षांनी, पोहणे शिकवणारी व्यक्ती आणि जीवरक्षक या दोघांचीही हयगय सिद्ध होऊन परिषद जबाबदार ठरली.